लाल मुरूम

मनीषनगर, नागपूर
२६ ऑगस्ट २०२५

रोहित,

'अनेक आशीर्वाद' असं लिहायले घेतलं होतं. पण तू ते घेशील का परत पाठवशील, माहीत नाही, म्हणून नुसतं नाव. फोनवर तू मले सात वर्षं ब्लॉक करून ठेवलं आहे. तुझ्या चिन्मयीचा नंबर माझ्यापाशी नाही. वाडीच्या गोदामात गाडी चालवणारा आपल्या गावचा बळीराम दर शनिवारी पाथरझिऱ्याले जाते, त्याच्या हाती हा कागद देऊन राहिली. त्याच्यावर ओरडू नको. त्याचा यात काही दोष नाही.

पोळ्याचे तुझे फोटो पाहिले. आमच्या कॉलेजातल्या भूगर्भ डिपार्टमेंटच्या ग्रुपवर कोणीतरी टाकले होते, 'शनिवार-रविवारी जायले मस्त जागा, घळीच्या अगदी काठावर' म्हणून. मी प्रयोगशाळेत दगडांच्या नमुन्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसली होती. प्रत्येक चिठ्ठीवर तीन रकाने असतात, नाव, ठिकाण आणि कोणी ओळखला ते. हातात गोंदाची बाटली आणि समोर आपलीच घळ. तिच्या काठावर तुमचं घर, त्याले लागून काचेच्या खिडक्यांच्या दोन खोल्या, अंगणात तू बैलाच्या पाठीवर गेरूचे ठिपके देऊन राहिला. वाळला तू. तुमची सुरुची किती उंच झाली, मी तिले दोन वर्षांची पाहिली होती.

मग भिंती दिसल्या. खालपासून वरपर्यंत गेरूनं रंगवलेल्या, आणि खाली लिहिलं होतं, 'आमच्याच घळीतला अस्सल गेरू. पाहुणे स्वतः खणतात आणि मडकी रंगवतात.' पुढच्या फोटोत ती खणायची जागा होती. घळीत उतरताना उजव्या हातले लाल पट्टा आहे ना, त्यात माणूस मांडी घालून बसेल येवढी कपार झाली आहे. टोपीवाली एक बाई आत बसून हसून राहिली होती. तिच्या डोक्यावर काळा पाषाण, आणि त्या पाषाणावर तुझ्या खोल्या.

रोहित, तुम्ही तुमच्याच घराखालची माती काढून घराले फासून राहिले.

आजपासून ते खणणं बंद कर. त्या खोल्यांत कोणाले झोपवू नको, तुम्हीपण झोपू नका. आणि मी तुझ्या धंद्यावर जळत नाही. हे पहिलेच लिहून ठेवते, कारण तू तेच म्हणणार आहे.

ताई


मनीषनगर
२ सप्टेंबर

रोहित,

काल बळीरामचा फोन आला. म्हणे, रोहितभाऊनं उभ्या उभ्या वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाला, "दगड वाचता येते तिले. माणसं नाही येत." मी विचारलं, अजून काय म्हणाला? तर म्हणे, "घळ काय काल झाली का गा? आज्याच्या आज्यानं पाहिली ते घळ. ते कुठी चालली?"

चालली आहे. तेच तर सांगून राहिली.

उन्हाळ्यात नाला आटला की बाबा आपल्याले घळीत न्यायचे, आठवते? तू सहा वर्षांचा होता, मी तेरा. खाली उभं करून वर बोट दाखवायचे. सगळ्यात खाली काळा पाषाण. त्याच्यावर मांजऱ्या, ज्यात पांढरे खडे असतात. मग लाल पट्टा, मग परत काळा पाषाण, त्याच्यावर मुरूम आणि सगळ्यात वर हातभर माती. विहिरी खोदायचं काम त्यांचं, शाळा चौथीपर्यंत, पण ते म्हणायचे, "घळ म्हणजे उघडी विहीर हाय. इथी पाह्यलं का तिथी काय लागते ते समजते." थर सपाट असतात, म्हणून जे घळीत चाळीस फुटावर आहे तेच आपल्या वावरातही चाळीस फुटावर.

मी कॉलेजात शिकली ते एवढंच, की हे सगळं ज्वालामुखीचं काम आहे. जमीन उलली, आतला रस वाहत आला, थिजला. पुन्हा आला, पुन्हा थिजला. आई पोळ्यांची चवड लावायची तसे एकावर एक थर. पण दोन थरांच्या मधात कधी कधी हजारो वर्षं काहीच आलं नाही. तेव्हा वरचा दगड ऊनपावसानं कुजला, त्याची माती झाली, तळी साचली. तुले त्या पट्ट्याजवळ पांढऱ्या दगडातले शंख सापडले होते. तू आठ दिवस गावभर सांगत फिरला का आमच्या घळीत समुद्र होता. समुद्र नाही रे, एवढंसं तळं. मग पुन्हा रस आला आणि खालची माती वीट भाजते तशी भाजून निघाली. तो आपला लाल पट्टा.

आता घळ कशी होते ते ऐक. जमीन फाटून नाही होत. नाला पाषाणावरून खाली पडते. पाषाण सहजासहजी झिजत नाही. पण त्याच्याखालची लाल माती ओली होते, फुगते, थोडी थोडी गळते. आत कपार पडते आणि वरचा पाषाण अधांतरी राहते. त्याच्यात उभ्या चिरा तर आधीपासूनच असतात, थिजतानाच्या. मग एक दिवस तो तुटते. धबधबा तेवढा मागे सरकते आणि तिथं पुन्हा तेच सुरू होते. अशी घळ मागे मागे चालते. बाबा लहानपणी काठावरच्या उंबराच्या मुळीवर बसून धबधब्यात पाय सोडायचे. आज धबधबा उंबराच्या मागे पंधरा पावलं आहे. उंबर तर जागचा हालला नाही.

पाणी जे काम पिढ्या लावून करते ते तुझे पाहुणे लोखंडी सब्बल घेऊन दोन सुट्ट्यांत करून राहिले. मले भेव वाटते. आधी राग आला होता, आता नुसतं भेव वाटते.

ताई


मनीषनगर
९ सप्टेंबर

रोहित,

माझंच पत्र माझ्याकडे परत आलं, मागच्या कोऱ्या बाजूवर तुझ्या अक्षरात दोन ओळी घेऊन. 'तेरवीले सगळ्यांसमोर जे बोलली ते अजून माह्या कानात हाय. आता मले शहाणपण शिकवू नको.'

तुझं अक्षर अजून तसंच आहे, 'श' उलटा. बरं वाटलं पाहून, खोटं कशाले बोलू.

हो, बोलली मी. बाबाच्या तेरवीले पंगत बसली होती, काका, आत्या, गावातले पंधरावीस जण. मी म्हणाली, "बाबा विहिरीत उतरले तेव्हा तू कोंढाळीले काय करत होता?" तू म्हणाला, "सिमेंटच्या रिंगा पाहायले गेलतो." आणि मी म्हणाली, "रिंगा पाहायले अख्खा दिवस लागते का?" तू ताटावरून उठला. चिन्मयी सुरुचीले कडेवर घेऊन तुझ्यामागे गेली. त्यानंतर आपण बोललो नाही.

रागात बोलली. माणूस दुःखात काहीही बोलते. तू लहान आहे, तू सोडून द्यायले पाहिजे होतं, असं मले वाटायचं. आता तसं म्हणत नाही.

विहिरीत नेमकं काय झालं ते आता कोण सांगणार? वावरातली विहीर खोल करायचं काम चालू होतं, बाजूचा दगड सुटला, बाबा खाली होते. चाळीस फुटावरचं वरून कोणाले दिसते? तो विषय राहू दे. आपण घळीचं बोलू.

(इथं एक ओळ खोडली आहे. उजेडात धरून वाचू नको.)

खणणं बंद केलं का, तेवढं बळीरामले सांग. पत्र नको लिहू, नुसतं हो का नाही सांग.

ताई


मनीषनगर
१६ सप्टेंबर

रोहित,

बळीराम म्हणाला का तू खणणं बंद केलं नाही, पण 'कमी केलं'. दसऱ्याच्या सुट्टीत दोन्ही खोल्या भरल्या आहेत म्हणे. आणि मग तो सहज बोलून गेला, "ओट्याले एक भेग पडली हाय ताई, रोहितभाऊनं सिमेंट भरलं, आता दिसत नाही."

मी विचारलं, भेग कशी आहे? उभी का आडवी? तो म्हणाला, "घळीच्या काठासंगं काठासंगं जाते."

मी फोन ठेवला आणि गॅसच्या ओट्यावर पोळपाट होतं ते उचलून पुन्हा तिथंच ठेवलं. यांनी विचारलं, काय झालं? काही नाही म्हणाली. नवऱ्याले काय सांगू, त्यांना तर काहीच माहीत नाही.

काठासंगं जाणारी भेग म्हणजे पाषाणानं मागची जागा सोडली. सिमेंटनं ती बुजत नाही, फक्त तुले दिसत नाही. पाणी तिच्यातून उतरून खाली लाल मातीतच जाते. हवामानवाले पंचवीस तारखेच्या आसपास मोठा पाऊस सांगून राहिले.

काल मी निघाली होती. खरंच. मनीषनगरहून वाडीपर्यंत गेली, अमरावतीच्या गाडीत बसली, तिकीट काढलं. पुढे ट्रकांची रांग लागली, गाडी थांबली आणि मी विचार करत बसली का तुझ्या अंगणात उभी राहून काय म्हणू. तू विचारशील, ताई, तुले एवढी खात्री कशी? कॉलेजात तर तू पोरांसाठी दगडांवर चिठ्ठ्या चिकटवते. मग मले सांगावं लागेल. गाडी हालायच्या आधी मी उतरली. घरी आली तर कोणाले कळलंही नाही का मी कुठं गेली होती.

एक सांगते, मी सात वर्षांत लाल रंगाच्या एकाही दगडाले नाव दिलं नाही. ट्रेमध्ये लाल नमुना आला का बाजूच्या बाईले देते, म्हणते माझा चष्मा बरोबर नाही.

तू म्हणशील, काहून? पुढच्या पत्रात लिहिते. मले दोनतीन दिवस दे.

ताई


मनीषनगर
१९ सप्टेंबर

रोहित,

या पत्रासोबत एक पुडकं आहे. ते आधी उघडू नको. आधी हे वाच, बसून वाच.

बाबाचा मोबाईल विहिरीत पडला नव्हता. तू आठ दिवस मलबा उपसला, हाताची नखं निघाली, म्हणत होता, "बाबाचा आवाज हाय त्याच्यात, सुरुचीले ऐकवीन." मी ओसरीवर बसून पाहत होती. मोबाईल तेव्हा माझ्या पर्समध्ये होता. बाबा उतरायच्या आधी तो घरातल्या कोनाड्यात ठेवून गेले होते. तिसऱ्या दिवशी मी तो उचलला.

काहून उचलला ते सांगते.

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी, एप्रिलच्या बारा तारखेले, मी रामदासपेठेत दवाखान्यात होती. सासूबाईंच्या डोळ्याचं काम होतं. रांग लांब, आमचा नंबर छत्तीस. बाबाचा मेसेज आला. एक फोटो आणि त्याच्याखाली आवाज. फोटोत विहिरीची भिंत, काळ्या पाषाणाखाली दोन हात लाल पट्टा. बाबा विचारून राहिले होते, "बाई, चाळीस फुटावर हे लागलं. रोहित म्हनते गेरू हाय, रिंगा टाकल्याबिगर उतरू नका. मले मुरूम वाटते. तू पाह्य जरा. रिंगा टाकू का तसाच उतरू?"

तू बरोबर होता, रोहित. तू गेरूच म्हणाला होता. कॉलेज न शिकता तुले ओळखता आलं होतं.

मी फोटो मोठा करूनही पाहिला नाही. पस्तीस नंबर आत गेला होता, सासूबाई माझी ओढणी ओढून राहिल्या होत्या. आणि मनात दुसरंही काही होतं, तेपण लिहिते. बाबा सगळ्या गावाले सांगायचे, माझी पोरगी दगड वाचते. त्यांनी तुझं सोडून मले विचारलं होतं. मले ते आवडलं. मले लगेच उत्तर द्यायचं होतं. मी बोट दाबलं आणि म्हणाली, "लाल मुरूम आहे बाबा. भिंत धरते तो. काही होत नाही, उतरा."

सात सेकंद आहेत ते. 'उतरा' म्हणाली मी.

दुसऱ्या दिवशी तू पहाटेच भिंत धरणाऱ्या रिंगांसाठी कोंढाळीले गेला, कारण तुले त्या पट्ट्याचं भेव होतं. बाबा तुझी वाट न पाहता उतरले, कारण त्यांच्या शिकलेल्या पोरीनं सांगितलं होतं. पट्ट्यात पाणी लागलं, गेरू फुगून बाहेर आला आणि वरचा पाषाण सुटला.

मुरूम आणि गेरू दोन्ही लाल असतात. मुरूम म्हणजे अर्धवट कुजलेला दगडच, तो ओला झाला तरी उभा राहते. गेरू ही माती आहे, भाजलेली असली तरी मातीच. ओली झाली का बसते. ओळखायले मशीन लागत नाही. खडा जिभेले लावायचा. मुरूम सुटून येते, गेरू जिभेले चिकटून बसते. हे मले कॉलेजात शिकवलं नाही, बाबानंच शिकवलं होतं, त्याच घळीत, त्याच पट्ट्याचा खडा देऊन. मी तेरा वर्षांची होती, माझ्या जिभेले तो चिकटला आणि तू हसून हसून लोळला होता. मी तो पट्टा चाखला होता, रोहित. तोच पट्टा तिकडे विहिरीत चाळीस फुटावर निघाला आणि मी त्याले मुरूम म्हणाली.

नऊ तारखेच्या पत्रात खोडलेली ओळ हीच होती, 'घळीतला पट्टा आणि विहिरीतला पट्टा एकच आहे.'

तेरवीले मी तुले जे बोलली ते दुःखात नाही बोलली. ते खोटं लिहिलं होतं. मी भेवून बोलली. पंगतीत कोणीतरी बाबाबद्दल म्हणालं, "चंपतरावनं तं कोणाले तरी विचारलं असन ना उतरायच्या आधी?" लोकांनी दुसरीकडे पाहावं म्हणून मी तुझं नाव घेतलं. तू ताटावरून उठला तेव्हा मले बरं वाटलं होतं. हे लिहायले मले तीन दिवस लागले.

मेसेज पुसायचा म्हणून मोबाईल घेतला होता. पुसवला नाही. त्याच्यात माझ्या आवाजाच्या वरच बाबाचा आवाज आहे. दर महिन्याले चार्ज करते, ऐकते, कपाटात साड्यांखाली ठेवते. पुडक्यात तोच आहे. चार्जरही ठेवला. पासवर्ड काही नाही. आता तुझ्यापाशी राहू दे. गावाले ऐकवायचं असेल तर ऐकव, मी नाही म्हणणार नाही.

पण त्याच्या आधी एक काम कर. घळीत जा, तुमच्या कपारीतला एक खडा काढ आणि जिभेले लाव. माझ्यावर विश्वास ठेवू नको, माझ्यावर ठेवून एकदा काय झालं ते आत्ताच वाचलं. तुझ्या जिभेवर ठेव. चिकटला तर त्याच दिवशी चिन्मयीले आणि सुरुचीले घेऊन तिथून नीघ.

ताई


मनीषनगर
२५ सप्टेंबर

रोहित,

हे पत्र कोणाच्या हाती देऊ? बळीरामची गाडी परवापासून कोंढाळीच्या अलीकडे अडकली आहे, पुलावरून पाणी चाललं म्हणे. सोमवारी त्यानं एवढंच सांगितलं होतं, "देल्लं ताई. भाऊनं पत्र वाचलं, पुडकं घेऊन आत गेले आन दरवाजा लावला. मी घंटाभर बसलो बाहेर. चहा नाही भेटला."

खडा जिभेले लावला का? त्याले माहीत नाही. सामान काढलं का? नाही दिसलं. भेग? त्यानं पाहिली नाही.

इथं अंडरपासमध्ये पाणी भरलं, मुलं घरी आहेत. कॉलेजले सुट्टी दिली. मी गॅसवर दूध ठेवते आणि विसरते. मोठी वीज कडाडली का वाटते, तो पाषाण पडला. ऐंशी किलोमीटरवरून थोडंच ऐकू येणार आहे, तरी मान वळते. पोलीस पाटलाले फोन लावला, रेंज नाही. तुझ्या नंबरवर लावते तर ती बाई मराठीत, हिंदीत, इंग्रजीत तेच सांगते.

मी आता हेच मोजत बसते. पाणी भेगेतून उतरायले किती वेळ, मुरमातून खाली जायले किती, गेरू फुगायले किती. हे मले येते. येते म्हणूनच जास्त भेव वाटते. ज्याले येत नाही तो निदान झोपत तरी असेल.

यांना सगळं सांगितलं. रात्रीच्या जेवणानंतर सांगितलं. ते म्हणाले, "सात वर्षं तू त्या पोराले हे वाहू दिलं?" मी हो म्हणाली. सकाळी त्यांनीच मले चहा करून दिला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

तू रागावला असशील तर खुशाल रागाव. माझ्यावरच्या रागापायी तिथं बसून राहू नको. ताईनं सांगितलं म्हणून जायचं नाही, असं करू नको रे. एवढ्या एका वेळेले नको.

ताई


मनीषनगर
३० सप्टेंबर

रोहित,

बळीराम काल आला, घरी आला. बाहेर चपला काढल्या आणि खिशातून फडक्यात बांधलेला खडा काढून माझ्या हातावर ठेवला. सोबत तुझी चिठ्ठी. मी ती एवढ्या वेळा वाचली आहे का आता घडी फाटली. म्हणून इथं उतरवून ठेवते.

'ताई,
जिभेले चिकटला. चिन्मयीच्याबी चिकटला. त्याच दिवशी सामान काढलं, शाळेच्या खोलीत राहून राहिलो. बुकिंगवाल्यायले नाही म्हटलं. शुक्रवारी दुपारी दोन्ही खोल्या घरासकट घळीत गेल्या. ओटा गेला, बैलाचा गोठा अर्धा गेला. बैल बाहेर होते. कोणी नव्हतं.
बाबाचा फोन चार्ज केला. सुरुचीनं आजोबाचा आवाज आयकला, दोनदा लावाले लावला. मंग तुहा आयकला. मी अजून काही बोलत नाही त्याच्यावर. बोलाले मले टाइम लागन.
आता घर कुठी बांधू? विहिरीच्या अंगानं एक जागा पाह्यली हाय. चार फूट खनलं तं लाल लागलं. मले मुरूम वाटते. पन मले काय वाटते त्याच्यावर पोरीले झोपवत नाही.
फोटो पाठवत नाही. तू ये.
रोहित'

मी खडा घेऊन आज कॉलेजात गेली. कपाटातून एक चिठ्ठी काढली. नाव, गेरू. ठिकाण, पाथरझिऱ्याची घळ. तिसऱ्या रकान्यात, कोणी ओळखला, तिथं तुझं नाव लिहिलं. बाजूच्या बाईनं विचारलं, चष्मा बरा झाला का? मी हो म्हणाली.

उद्या सकाळच्या गाडीनं येऊन राहिली. वाडीले उतरणार नाही. हे पत्र बळीरामच्या हाती देत नाही, मीच आणते, म्हणजे अंगणात उभी राहून काही सुचलं नाही तर निदान हे तुझ्या हातात देता येईल. तू दाखवशील त्या खड्ड्यात मी उतरीन, चारही बाजूचा खडा काढीन, आणि खात्री नसली तर खात्री नाही असं सांगीन. तेवढं मले आधी जमलं नव्हतं.

तू सुरुचीले माझ्याबद्दल काय सांगितलं आहे, माहीत नाही. तिनं माझा आवाज फक्त त्या सात सेकंदांत ऐकला आहे. दारात मी बोलली की ती ओळखेल, याचं मले घळीपेक्षाही जास्त भेव वाटून राहिलं आहे.

दुपारपासून तोंड कोरडं पडलं आहे, जीभ टाळूले लागते. खडा पाहायले जीभ ओली लागते. सोबत पाण्याची बाटली घेतली आहे.

कामिनी